‘कशावरून?’ : गावच्या इतिहासाचा अर्ध्या तासाचा भाग कसा करावा

केबलसाठी केलेल्या माझ्या पहिल्या भागाचं निवेदन मोठ्या ऐटीत सुरू होत होतं. ‘नऊशे वर्षांपूर्वीचं हे हेमाडपंती मंदिर...’ भाग संध्याकाळी लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. “कार्यक्रम छान झाला हो. फक्त एक सांगा, नऊशे वर्षांपूर्वी हेमाद्री जन्मला होता का?”

नव्हता. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा मंत्री आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. मला पुजाऱ्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि तालुक्यातल्या घराघरांत ते पोचलं. ही चूक माझ्या एकट्याची नाही. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक मंदिर आपल्याकडे हेमाडपंती होतं. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ च्या शिलालेखाचं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. त्यालाही लोक बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात.

त्या फोननंतर एक सवय लावून घेतली. निवेदनाच्या कागदावर उजवीकडे एक रकाना आखायचा आणि त्याच्या डोक्यावर लिहायचं, ‘कशावरून?’ प्रत्येक वाक्यासमोर त्याचं उत्तर हवं: अमुक शिलालेख, अमुक कागद, अमुक बाईंनी स्वतः पाहिलेलं, किंवा सरळ ‘गावात सांगतात’. रकाना रिकामा राहिला तर वाक्य जातं. खाली जे सांगतो आहे ते बहुतेक या एका रकान्याभोवतीच फिरतं.

विषय लहान घ्या, आणखी लहान घ्या

‘आपल्या तालुक्याचा इतिहास’ हा अर्ध्या तासाचा विषय नाही. जाहिराती वजा करता हातात २२ ते २४ मिनिटं उरतात. निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांच्या वेगानं वाचलं तर ऐकणाऱ्याला झेपतं, आणि निम्मा वेळ तर माणसं बोलणार, वाजंत्री वाजणार, दृश्यं नुसती दिसणार. म्हणजे तुमच्या वाट्याला बाराशे-तेराशे शब्द. त्यात सातवाहनांपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत धावत सुटलात तर पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मोठ्या वाहिन्या जे पुनःपुन्हा करतात ते सोडून द्या. शिवचरित्र सगळ्यांनी सांगितलेलं आहे. तुमच्या नदीवरची बंद पडलेली नाव, पेठेतली रंगाऱ्यांची आळी, आठवडी बाजार अमुकच वारी का भरतो, शेवटचा बोहाडा (सोंगं-मुखवट्यांचा नाच) कधी नाचला, हे दुसरं कोणी येऊन सांगणार नाही.

काहीच सुचत नसेल तर गावाबाहेरच्या मारुतीपाशी जा. पाराला टेकवून ठेवलेले, अर्धे गाडलेले, शेंदूर फासलेले कोरीव दगड तिथे हमखास असतात. लोक त्यांना देव म्हणतात, काही ठिकाणी त्यांच्यावर कपडेही धुतात. बहुधा ते वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा असतात. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर तो गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली दगडी शिवी. कोकणात शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ बरेच आहेत. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख असाच आहे. त्यावरचा शक ९३४ असा वाचला जातो आणि त्यामुळे सर्वांत जुना मराठी शिलालेख म्हणून त्याचं नाव घेतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा मान श्रवणबेळगोळच्या लेखाला होता. असा वाद असला की निवेदनात वादच सांगावा. पाहणाऱ्याला तो आवडतो, उगाच घाबरू नका.

चार वीरगळ, त्यातली लढाई, गावाचं नाव आणि आजूबाजूच्या चराऊ जमिनी एवढ्यात एक उत्तम भाग बसतो.

कागद आधी, कॅमेरा नंतर

पहिला आठवडा कॅमेरा पिशवीतच राहू दे. आधी जिल्ह्याचं गॅझेटिअर काढा. इंग्रजी अमदानीत, १८७० नंतरच्या काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर झाली. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानं ती आणि पुढची गॅझेटिअर संकेतस्थळावर ठेवली आहेत. तुमच्या गावाच्या नावाखाली तिथे दोन ओळी असतील किंवा दोन पानं, पण बाजार, धर्मशाळा, तळी, जत्रेची गर्दी यांची नोंद सापडते. ती लिहिणारा साहेबाच्या नजरेनं बघत होता हे विसरू नका. जातीजमातींबद्दलची त्यातली वाक्यं तशीच उचलून निवेदनात घातली तर घरोघरी शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

मग अभिलेखागार. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मुंबईत आणि कोल्हापुरात सरकारी पुराभिलेख आहेत. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे नुसतं ‘आमच्या गावाचं काही आहे का’ विचारत गेलात तर हात हलवत परत याल. परगणा कोणता, त्यातली तर्फ (परगण्याचा लहान भाग) कोणती, जुनं नाव काय, देशमुखी-कुलकर्ण कोणाकडे होतं हे टिपून न्या. दफ्तर परगण्यांनी लागलेलं असतं, आजच्या तालुक्यांनी नाही.

कागद मोडीत असतील. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरं न तोडता लिहीत जाई. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. दोन महिन्यांच्या वर्गानंतर आपल्याला मोडी येते असं वाटतं, ते खोटं असतं. मुरलेल्या वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि शक्य तर दुसऱ्याला पहिल्याचं न दाखवता तोच कागद द्या. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे भागाला खरा मसाला मिळतो.

दप्तराबाहेरही कागद आहेत. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, नाशिक-त्र्यंबक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या हेळव्यांच्या वह्या. ही माणसं आपली वही सहज उघडत नाहीत. त्यांचा मान आणि बिदागी दोन्ही सांभाळा.

तारखांचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फजिती इथे होते.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणून १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणून १६२९ नव्हे, १६३०. (वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही दुसरी तिथीही आहे. तुमच्या भागात शिवजयंतीची मिरवणूक असेल तर तिथीवाले आणि तारीखवाले दोघंही फोन करतील.)

मराठी पत्रांत शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे या काळात ६००. महसुली हिशेबाच्या फसली सनात ५९० किंवा ५९१. ही दोन्ही वर्षं मृग लागताना बदलतात, शेतकऱ्याच्या वर्षासारखी. आणि इंग्रजांच्या वखारींच्या पत्रांतल्या १७५२ आधीच्या तारखा आजच्या कॅलेंडरपेक्षा सतराव्या शतकात दहा आणि अठराव्या शतकात अकरा दिवस मागे आहेत. एक मराठी आणि एक इंग्रजी कागद एकाच घटनेच्या वेगवेगळ्या तारखा देत असेल तर भांडण लावण्याआधी हे तपासा.

परवानग्या

किल्ला कोणाचा, हा पहिला प्रश्न. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांचंच बघा. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं. चित्रीकरणाला रीतसर परवानगी लागते आणि ती आठवड्यात मिळेल असं धरून तारखा ठरवू नका. किल्ला जंगलात असेल तर वनखात्याचं पत्र वेगळं. मंदिर किंवा दर्गा असेल तर विश्वस्तांचं लेखी पत्र घ्या. ‘अध्यक्षांनी हो म्हटलंय’ हे उपाध्यक्षांना चालत नाही.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपला भाग हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघा. हिरव्या पट्ट्यात असला तरी संरक्षित स्मारकावरून उडवायला स्मारक ज्यांचं त्यांना विचारावंच लागतं. खरं सांगायचं तर ड्रोनशिवाय भाग अडत नाही. तटबंदीवरून गरगर फिरणारी तीच ती दृश्यं आता सगळ्यांकडे आहेत.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

माझ्या मते भागाचा जीव इथे आहे. म्हणून इथे घाई नको.

पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका. चहा घ्या, ऐका, टिपणं काढा. दुसऱ्या वेळी कॅमेरा नेलात की लोक तेच नीटनेटकं, पाठ केल्यासारखं सांगतात, ही भीती खरी आहे. म्हणून पहिल्या भेटीत सगळं विचारून टाकायचं नाही. कशाबद्दल बोलायचं ते ठरवायचं आणि उठायचं.

वर्ष विचारलंत तर कोणी सांगत नाही. “किती साली?” म्हटलं की “लई वर्सं झाली.” त्याऐवजी खुंटा द्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा तुम्ही किती मोठ्या होतात? पुण्याकडे पानशेत फुटलं ते (१२ जुलै १९६१), मराठवाड्यात पोलीस ॲक्शन आणि रझाकार (सप्टेंबर १९४८), लातूर-धाराशिवकडे किल्लारी (३० सप्टेंबर १९९३). “भूकंपाच्या वेळी थोरला पोटात होता” असं उत्तर आलं की जन्मदाखल्यापेक्षा पक्कं वर्ष हाती येतं.

दुसरा प्रश्न कायम तयार ठेवा: “हे तुम्ही स्वतः पाहिलं का ऐकलं?” उर्मटपणे नाही, कुतूहलानं. ऐकलं असेल तर कोणाकडून, ते कुठे राहायचे? ‘कशावरून?’चा रकाना इथेच भरतो. आणि ऐकीव म्हणून टाकून देऊ नका. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला’ ही कथा इतिहास म्हणून खोटी, पण गाव स्वतःकडे कसं बघतं याची ती साक्ष आहे. फक्त निवेदकाच्या तोंडी घालू नका. आजोबांच्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात येऊ द्या.

गावाचा इतिहास वाड्यावर सांगतात तसा वाड्याबाहेर सांगत नाहीत. पाटील-देशमुखांची ढाल-तलवार चित्रित करून परत फिरलात तर अर्धाच भाग झाला. विहिरीवर पाणी कोणाला मिळत होतं, मिरवणुकीत मान कोणाचा आणि ओझं कोणाचं, वाड्यापुढे वाकून जोहार (नमस्कार) घालायला कोण उभं राहायचं, हे गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन विचारा. वाड्यावरच्यांना ते आवडेलच असं नाही. पण विहीर एकच आणि तिच्या हकिकती दोन, हे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलं की निवेदनाला काही बोलावं लागत नाही.

बायकांची मुलाखत घेताना घरातल्या पुरुषांना दुसऱ्या कामाला लावा. नाहीतर आजीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलगा देतो. जात्यावरच्या ओव्या नुसत्या ‘म्हणून दाखवा’ म्हटलं की दोन आठवतात. जातं मांडा, मूठभर दाणे घाला, खुंट्याला हात लागू द्या. हात फिरायला लागला की ओवीला ओवी लागते. ते नाटक वाटेल म्हणून मी आधी कचरत होतो. आता नाही.

मुलाखतीचं तंत्र थोडक्यात: डोळ्यांच्या पातळीवर बसा, तुम्ही खुर्चीत आणि ते जमिनीवर असं नको. पंखा आणि फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायची आठवण राहते. ‘हं, हं’ करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार संकलनात काढता येत नाही. शेवटी लेखी संमती घ्या, आणि लिहिता येत नसेल तर कॅमेऱ्यासमोर तोंडी.

गोंधळी, वासुदेव, दशावतारी, पिंगुळीचे चित्रकथी यांना बोलवायचं असेल तर मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. ‘टीव्हीवर दिसाल की’ हे मानधन नव्हे. रात्रभराचा गोंधळ पाच मिनिटांत करून मागू नका. विधीतला कोणता भाग विधीबाहेर करता येतो ते त्यांनाच विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही.

चित्रीकरण

जत्रा वर्षातून एकदाच असते. ती चुकली तर भाग वर्षभर पुढे गेला, म्हणून पंचांग बघून वेळापत्रक उलटं मांडा. किल्ल्यांचं चित्रीकरण पावसाळ्यात देखणं होतं, पण गवतात जोती, टाकी, वाटा काही दिसत नाही. अवशेष दाखवायचे असतील तर गवत वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये जा.

शिलालेखावर खडू, हळद, तेल, पावडर काहीही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसतात हे खरं, पण दगड झिजतो. ऊन तिरपं हवं, म्हणजे सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात अक्षरांच्या खाचांत सावली भरते. मंदिराच्या आत असेल तर दिवा समोरून न धरता अगदी बाजूनं, दगडाला घासून जाईल असा धरा. दिवा हळूहळू सरकवत सलग चित्रीकरण केलंत तर वाचणाऱ्यालाही उपयोग होतो. एका चित्रात बाजूला फूटपट्टी असू द्या.

कॅमेरा सेकंदाला २५ चौकटींवर आणि शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, हे जुळवलं नाही तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. माणसं धूसर चित्र सहन करतात, खराब आवाज नाही. गडावर वारा असतो, म्हणून कॉलर माइकला केसाळ टोपी हवीच. आणि प्रत्येक जागी कोणी न बोलता एक मिनिट नुसता आवाज घ्या: पाखरं, पाणी, लांबची एसटी. संकलनाच्या वेळी दोन वाक्यांमधली फट याच आवाजानं बुजते.

संहिता, संकलन, हक्क

संहिता दोन रकान्यांत लिहितात, डावीकडे चित्र, उजवीकडे ध्वनी. आपला तिसरा रकाना माहीत आहेच. चित्रात विहीर दिसत असताना ‘ही पाहा विहीर’ म्हणायची गरज नाही. दिसत नाही ते सांगा. ‘साक्षात’, ‘अंगावर शहारे’, ‘इतिहासाच्या पाऊलखुणा’ हे शब्द आले की माझा हात आपोआप खोडतो.

पार्श्वसंगीतासाठी सिनेमातलं गाणं उचलू नका. ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क असतो, लेखन आणि छायाचित्र यांवर ते करणारा गेल्यानंतर ६० वर्षं. पारंपरिक भारूड कोणाच्या मालकीचं नाही, पण त्याची अमुक कंपनीनं काढलेली ध्वनिफीत त्या कंपनीची आहे. तुमच्याच गावच्या भजनी मंडळाचं गाणं रेकॉर्ड करा, प्रश्नच मिटला. केबल वाहिन्यांना १९९५ च्या कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू आहे. दोन समाजांच्या वादातलं देवस्थान विषय म्हणून घेतलंत तर प्रत्येक वाक्य दोन्ही बाजूंनी वाचून बघा.

कच्चा भाग प्रक्षेपणाच्या आठवडाभर आधी तीन जणांना दाखवा: विषयातला जाणकार, ज्याची मुलाखत घेतली तो, आणि गावातला सर्वांत खोडसाळ माणूस. तिसरा सर्वांत उपयोगी. माझ्या तीन चुका त्यानंच पकडल्या आहेत, त्यातली एक तर गावाच्या शिवेचीच होती. भाग लागल्यावर चूक निघाली तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला, शेवटी नव्हे, दुरुस्ती सांगा.

भाग लागल्यानंतर

केबल कंपन्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी २०२२ मध्ये आलेल्या सरकारी सूचनांनुसार रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. त्यापुढे कोणी ठेवलंच तर त्याची मर्जी. जुन्या टेपांवर दुसऱ्या दिवशीची बातमीपत्रं चढवलेली मी पाहिली आहेत. त्याखाली काय काय गेलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून आपली प्रत आपण ठेवा, आणि तयार भागाची नव्हे, पूर्ण मुलाखतींची. भागात आजी चार मिनिटं दिसते, पण ती दोन तास बोललेली असते. ५० मेगाबिटनं चित्रित केलेलं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण २२ जीबी होतं. तीन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. फाइलला ‘फायनल नवीन २’ असं नाव देऊ नका. तारीख, गाव, व्यक्ती, विषय या क्रमानं द्या. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा: कोण बोलतंय, वय काय, कितव्या मिनिटाला काय सांगितलं, संमती कशासाठी दिली आहे, आणि तो तिसऱ्या रकान्याचा पूर्ण कागद.

एक प्रत गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या, आणि ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येक घरी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा. पोस्टानं पाठवू नका. बहुतेक वेळा दार उघडताच “अहो, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं” असं म्हणतात, तेव्हा कॅमेरा जवळ असू द्या.